फरक

आत किती शिरलं, बाहेर किती निघालं,
रात्रभर याची वजाबाकी करत बसणं, हे माझं काम.
बेलापूरला, सातव्या मजल्यावर, एसी अठरावर.
खाडीच्या तळाशी चिखलात बावीस किलोमीटर नळ
आणि माझ्यासमोर त्याची एक हिरवी रेघ.

रेघ हलली म्हणजे गळतंच असं नाही.
पाणी गार झालं की तेल अंग चोरतं,
पंप बदलला की दाबाला उचकी लागते,
कुणी झडप फिरवतं आणि कळवायला विसरतं.
एक टक्क्याच्या आत जे होतं
त्याला आम्ही गळती म्हणत नाही.
फरक म्हणतो. वहीत लिहितो.

शून्य पॉइंट चार.
शून्य पॉइंट चार.
अकरा रात्री तेच.
कुरुविला सर म्हणाले, मीटर म्हातारा झालाय.

बाराव्या सकाळी दिवाळ्याच्या जेटीवर
पोशामामा अख्खी टोपली पाण्यात उपडी करत होता.
“कोलबीला रॉकेलचा वास येते गो.
गिऱ्हाईका परत देतान.”
कुणाला सांगितलंस का, विचारलं.
त्यानं हनुवटीनं पिवळा बोर्ड दाखवला,
धोका, खाली तेलवाहिनी, संपर्क अमुक.
“दहा येला लावला. वाजतच नाय.”

तो नंबर मला पाठ आहे.
तो फोन आमच्याच मजल्यावर, पॅन्ट्रीच्या दाराशी.
त्याचा प्लग काढून तिथे किटली लावतात.
त्या किटलीचा चहा
मी अकरा रात्री प्यायले.

संध्याकाळी पिशवीतून तीन कोळंब्या नेल्या,
कीबोर्डशेजारी ठेवल्या.
एसीनं वास सगळ्यांना सारखा वाटला.
सरांनी चष्मा काढला, पुन्हा हुंगलं,
आणि काही न बोलता पंप थांबवायला सांगितला.
रेघ खाली आली,
पहिल्यांदाच मला ती नळासारखी दिसली.

पाणबुड्यांना जोडाजवळ भोक सापडलं.
मोहरीएवढं. बोटानं झाकलं तर थांबत होतं म्हणे.

अहवालात लिहिलंय, यंत्रणेनं गळती शोधली.
मी विचारलं, मामाच्या बारा दिवसांच्या टोपल्या
कुठल्या रकान्यात धरायच्या?
सर बराच वेळ वही चाळत राहिले.
रकाना नव्हता.

किटली आता खिडकीपाशी गेलीय.
फोन अजून एकदाही वाजला नाही.
तरी रात्री तीनच्या सुमारास
रेघ सोडून मी उठते,
प्लग नीट बसलाय ना, हातानं चाचपून येते.