चारशे वॅट

पिकअपच्या हौद्यात, डाव्या कडेला, झाकणाखाली
एक सॉकेट आहे. आधीच्या मालकाने बसवलेलं,
तो लग्नांत स्पीकर लावायचा म्हणे.
वर खिळ्याने कोरलंय : चारशे वॅट.

टॉवेलवर नावं काढायचं माझं मशीन त्यावर चालतं.
बारशाची नावं, नवरा-नवरीची,
मोहोळच्या बाजारात एकाने तर बैलाचं काढून घेतलं.
पण नाव काढलं की कापड आक्रसतं,
त्यावर इस्त्री फिरवावी लागते,
आणि इस्त्री एकटीच हजार मागते.
लावली की सीटमागचा डबा किंचाळतो,
सुई अक्षराच्या मध्येच उभी राहते.
शनिवारी एक वैष्णवी 'वैष्ण'वरच थांबली.
बाप म्हणाला, असू द्या, पोरगी अजून लहानच आहे.

शाबीर नदाफचं दुकान अक्कलकोट रोडला.
आजा त्याचा कापूस पिंजायचा,
हा तांबं पिंजतो.
बॅटरीपासून डब्यापर्यंत आलेली तार
त्याने दोन बोटांत धरली.
"काय बे हे," तो तारेलाच म्हणाला.
मग मला : "मोठा डबा देतो की. हजार काय, दीड हजाराचा देतो.
पण बारा व्होल्टावर हजार वॅट म्हणजे नव्वदच्या वर अँपिअर.
तार हीच राहिली तर इस्त्रीच्या आधी तार तापणार.
गेज बघ हिचा. आकडा मोठा, तार बारीक."

नायना टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसले होते.
एकतीस वर्षं जॉबर. भवानी पेठेतले माग
कानाने दुरुस्त करायचे,
शेवटचे चार किलोवर गेले तेव्हा
वजनकाट्याजवळ उभे होते, काही बोलले नव्हते.
आता बोलले :
"सुताचं तसंच. वीसचा काउंट जाड, चाळीसचा बारीक.
आकडा वाढला की धागा घटतो."
शाबीरने मान वर करून बघितलं.
दोघं थोडा वेळ तारेकडे बघत राहिले,
एकाच गावचे निघालेल्या माणसांसारखे.

दुपार गेली.
अंगठ्याएवढी केबल चेसिसच्या पोटाखालून आली,
बॅटरीजवळच फ्यूज, दुसरी बॅटरी हौद्यात,
फळीला पट्ट्याने आवळलेली.
रस्त्यावर ऊन इतकं की
पाना हातात धरायचा तर चिंधी गुंडाळून.
शाबीर सांगत होता, मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत होते :
इस्त्री लावताना इंजिन चालू पाहिजे.
बॅटरी ही वीज नाही, बॅटरी हा कोन आहे,
(हे मी माझ्या शब्दांत लिहिलं)
सूत इंजिन काततं.
आणि जुन्या अल्टरनेटरला नव्याचं काम सांगायचं नाही,
मशीन आणि इस्त्री एकदम मागायची नाही.

म्हणजे हजार मिळाले, पण आळीपाळीने.
आमच्या दोन खोल्यांतही तसंच आहे,
मला नवीन काही वाटलं नाही.

संध्याकाळी गाडी चालू केली.
आधी मशीन. सुई धावली, थांबली.
मग इस्त्री.
डबा ओरडला नाही.
फक्त इंजिनचा सूर किंचित खाली बसला,
पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाचा बसतो तसा,
आणि खाली बसूनच चालत राहिला.
नायनांना तो आधी ऐकू आला.
उठून गेले, बॉनेटवर तळहात ठेवला,
डोळे मिटले नाहीत, पण कुठे बघत होते कळलं नाही.
मी इस्त्री फिरवली. 'वैष्णवी' आता पुरी होती,
पाण्याचा एक थेंब टाकला, तो चर्र करून गेला.

शाबीरने हौद्यामागून ओरडून विचारलं :
"चालू?"

नायना म्हणाले, "चालु."

शाबीरने अंगठा दाखवला आणि पाने गोळा करायला लागला.
त्याला काय माहीत,
आमच्या घरच्या तेलुगूत त्या शब्दाचा अर्थ
पुरे.