सातवा टप्पा

गेटवर कॅमेऱ्याचे फोन काढून घेतात.
सोहारच्या रिफायनरीत शिरायचं तर
बटणांचा, बिनडोळ्याचा फोन लागतो.
वॉचमन तो उलटा करतो, पाठ कोरी आहे ना बघतो,
आणि जा म्हणतो.

तुफैल हमदुलेनं खेळ केला तो असल्याच फोनसाठी.
तुफैल दाभोळचा. परांची बांधतो.
आमच्याच खोलीत, वरच्या बंकवर.
शुक्रवारी मांडीवर कुणाचातरी जुना लॅपटॉप,
शेजारी गणिताची चौकटींची वही,
एक चौकट म्हणजे एक ठिपका.
सोळा बाय सोळात माणूस बसवायचा.
हेल्मेट बसलं, बूट बसले,
चेहऱ्याला उरले तीन ठिपके.
"दोन डोळे. तिसऱ्याचं काय करू?"
सजीवन म्हणाला, मिशी दे.
टेकबहादूर म्हणाला, तोंड नको, बोलणार कुणाशी?
मिशी दिली.

चारवर डावीकडे, सहावर उजवीकडे, पाचावर उडी.
पाइप, फळी, जाळी, फळी.
वरून नट पडतात ते चुकवायचे.
पाण्याची बाटली मिळाली की एक जीव वाढतो.
कमरेला पट्टा नाही:
दोर काढायला मेमरी पुरली नाही.

आधी त्याचा माणूस फक्त पुढेच जायचा.
पडदा सरकला की मागचं पुसलं.
मी म्हटलं, बाटली मागं राहिली तर?
तुफैल दोन शुक्रवार कुढत बसला.
मागचं लक्षात ठेवायचं तर फोनला जागा लागते.
मग त्यानं ढग काढले.
"तसेही इथं कुठं आहेत, मेल्या."
गाणंही काढलं.
माणूस मागं येऊ लागला.

जूनपासून दुपारी साडेबारा ते साडेतीन काम बंद.
पत्र्याच्या शेडखाली आडवी माणसं
आणि जागे अंगठे,
टोपलीत खेकडे चालावेत तसा आवाज.
कुणी पडलं की शिवी,
मल्याळम, नेपाळी, बंगाली, आमची बाणकोटी.
सगळे पडायचे सातव्या टप्प्यात.
तिथं दोन फळ्यांमध्ये पाच चौकटींचं अंतर,
उडी जाते चार.
धावत जा, थांबून जा, बाटली पिऊन जा,
चारच.

गुलरेझ फोरमनही खेळला.
पेशावरचा, फोन त्याच्या पंजात बिस्किटाएवढा.
अकरा वेळा पडला.
"हमदुले, तेरा खेल गलत है."
तुफैल चहात खबूस बुडवत होता.
मान वर न करता म्हणाला,
"टॉवर तीन, उस्ताद. सातवाँ माला. उत्तर की बाजू."

गुलरेझ हसायला लागला होता, तो मध्येच थांबला.
महिन्यापूर्वी तुफैलनं कागद दिला होता,
तिथली एक फळी नाही म्हणून. सहीनिशी.
तो कागद कंटेनरमधल्या टेबलावर
कपाचे गोल डाग झेलत पडला होता.
आणि आम्ही रोज तिथं लांब ढांग टाकून जात होतो.
आम्हाला ते अंतर दिसायचंही बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळी होती.
नवी, पिवळी, राळेच्या वासाची.
टेकबहादूरनं तिच्यावर उभं राहून दोनदा उडी मारली
आणि सेफ्टीवाल्याची बोलणी खाल्ली.

गुलरेझ म्हणाला, अब फोन में भी लगा दे.
तुफैल हो म्हणाला, लावली मात्र नाही.
रात्री मी खालच्या बंकवरून विचारलं, का रे?
बराच वेळ वरून उत्तर आलं नाही,
नुसती पानं उलटल्याचा आवाज.
मग म्हणाला, "पडू दे की. फोनमधला परत उभा राहतो.
तू आठव्याचं बघ.
रोज चढतोस ना? काय दिसलं तर सांग."

तेव्हापासून मी चढताना चौकटी मोजतो.
काल कॅम्पच्या न्हाणीघरापाशी
एक वायर लोंबताना दिसली, खाली पाण्याचं थारोळं.
सोळा बाय सोळात बसेल.