सतरा नंबरचा ट्रे

शहाद्याच्या कॉलेजात जिन्यावर जी खोली आहे
तिला आम्ही म्युझियम म्हणतो.
मे महिना. वीज गेलेली. डांबरगोळ्यांचा वास
चव्वेचाळीस डिग्रीत डोक्यात चढणारा.
जुन्या वहीतल्या नोंदी मी नव्या कार्डांवर उतरवते,
कार्डामागे चार रुपये.

ट्रे सतरा. पिवळ्या पडलेल्या कापसावर नऊ वस्तू.
देणगीदार: द. ना. गुजराथी, जहाजावरचे वायरलेसवाले,
सन एकोणीसशे एकसष्ट.
ठिकाण: मेलानेशिया, सॉलोमन बेटे.
साहित्य: शिंपला, कासवाचे कवच, कसलासा धागा.
आणि खाली कुणाच्या तरी तिरक्या अक्षरात:
कानातले असावे.

असेलही. मी एक कानाशी धरून पाहिला
कपाटाच्या काचेत, कुणी नाही असं बघून.
बोटभर लांब, पातळ, दुधावर तेलाचा थेंब फिरावा
तसा रंग बदलणारा.

कुणी नाही कसं? उखर्डू वाडिले होता,
स्टुलावर उभा, खिडकीला जाळं बांधत,
कबुतरं येऊ नयेत म्हणून.
सारंगखेड्याचा भोई. तापीत बॅरेजचं पाणी तुंबल्यापासून
त्याची जाळी नदीत कमी, लोकांच्या गच्च्यांवर जास्त.
उतरला, हात पँटीला पुसले,
"गळ शे हाऊ."

पण याला उलटा काटाच नाही, मी म्हटलं,
चारा कुठे लावायचा?
"याले चारा नही लागत. हाऊच चारा शे."
मग स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण तोडलं,
दातात धागा धरून माझ्या पेन्सिलीला बांधलं
आणि टेबलावरून ओढत नेलं, झटका, थांबा, झटका,
खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यामधून.
बटण पळालं.
खरंच पळालं. तुटून पडावं त्याच्यावर
असं क्षणभर मलाच झालं.

"आनि काटा नही, तं दोर ढिल्ला नही सोडाना.
दोर ढिल्ला पडना का मासा गया."

एका गळाचं बांधणं सुटलं होतं. बांधू का, त्यानं विचारलं.
नको म्हटलं. जसं आहे तसं ठेवायचं, नियम आहे.
त्यानं मान डोलावली, पण बोटं
हवेतच चार वेढे घेऊन
गाठ मारूनच थांबली.

"त्या लोके याले काय म्हनतस?"
कार्ड उलटसुलट केलं. लांबी होती. वजन होतं,
अडीच ग्रॅम.
"रातनी येळ. नावमा बठेल. अंधारामा हात पुढे कया,
नाव नही ठाऊक, तं मांगशी काय?"

तो गेला. जाळ्याची सावली ट्रेवर आली,
नऊ गळ चौकोनाचौकोनांत.
'कानातले' खोडलं. 'गळ' लिहिलं.
माहिती देणार: उखर्डू वाडिले, सारंगखेडा.
तिथल्या भाषेतले नाव:
इथे रेघ मारायची पद्धत आहे.
मारली नाही. जागा सोडली,
एक हात मावेल एवढी.

त्या कार्डाचे चार रुपये त्याचे होते,
हे जिना उतरून सायकलपाशी आल्यावर सुचलं.