एक पाय जमिनीवर

तळजाईवर पहाटे फिरायला येणारे एक आजोबा
माकडटोपीच्या आतून रोज सुनवायचे,
"अहो, पळायचं तर नीट पळा, नाहीतर नीट चाला.
हे मधलं काय?"
त्यांना काय सांगणार,
ह्या मधल्यातच मी सहा वर्षं राहतेय.

चालण्याची शर्यत. वीस किलोमीटर.
एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा
आणि पुढचा गुडघा टेकताना ताठ.
बस, एवढंच.
'पाय जमिनीवर असू देत' हे लोक
बक्षीस मिळालेल्या पोरांना सांगतात,
मला पंच सांगतात,
शर्यतीच्या मधोमध, पिवळी पाटी नाकासमोर धरून.

पहिल्यांदा बाद झाले ती बालेवाडीला.
सतरावा किलोमीटर, तिसरं लाल कार्ड.
अंगात अजून तीन किलोमीटर शिल्लक होते,
ते घेऊन मी कडेला उभी.
पुढचं तिकीट काढलेलं असताना
कुणीतरी मधेच उतरवावं, तशी.
बाबा स्वारगेट डेपोत कंडक्टर.
घरी आल्यावर एवढंच म्हणाले,
"पुढची गाडी असते."
मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

ढमढेरे सरांनी समजूत घातली नाही, रागावलेही नाहीत.
सोमवारी सणस मैदानावर
छोट्या मुलांच्या शर्यतीला मला पंच म्हणून उभं केलं.
"दोन तास नुसते पाय बघ. तोंडं बघायची नाहीत."
पण तोंडं दिसतातच.
आणि तेव्हा दिसलं,
आधी खांदा वर चढतो,
मग श्वास,
मग नजर पुढच्याच्या पाठीला जाऊन चिकटते.
पाय सगळ्यात शेवटी सुटतो.
धनकवडीचा एक चौदा वर्षांचा मुलगा
सुटण्याच्या तीन पावलं आधीच सुटलेला होता.
त्याला पाटी दाखवताना
माझा हात कापला.

नंतरचं वर्षभर मी पाय सोडून दिले
आणि खांदे सांभाळले.
दमल्यावर हाताच्या मुठी उघडायच्या.
घाई झाली की जीभ टाळूवरून खाली आणायची.
असल्या बारीकसारीक गोष्टी,
कुणाला सांगितल्या तर हसतील.
मन बिन मोठं काही नाही,
खांद्याच्या दोन हाडांमधे
बटाट्याएवढी गाठ असते,
ती दर वळणावर सोडवत राहायची.

पुन्हा बालेवाडी. अठरावा किलोमीटर.
फळ्यावर माझ्या नंबरासमोर दोन लाल ठिपके.
पुढे तीस मीटरवर मिरजेची जुलेखा मुल्ला,
तिची वेणी घड्याळाच्या लंबकासारखी.
सगळं अंग म्हणत होतं, पळ.
फक्त दहा पावलं. कोण बघतंय?
मी खांदे खाली घेतले
आणि तिला चाळीस मीटर होऊ दिलं.

ते चाळीस मीटर
माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब होते.

मग वळणापलीकडे प्रमुख पंचांचा हात वर,
लाल पाटी,
आणि जुलेखा कडेला.
मी तिच्या शेजारून गेले.
बघितलं नाही.
बघितलं असतं तर गुडघा वाकला असता.

दुसरी आले.
रौप्यपदक, फोटो, सरांची पाठीवर एक थाप,
तीही जरा तिरकीच.
संध्याकाळी नळापाशी जुलेखा बूट धुवत बसलेली,
धुवायची गरज नसलेले बूट.
वर न बघता म्हणाली,
"दोन राहिलेत अजून. अंगातच आहेत."
मला माहीत होतं.
पुढची गाडी असते, हे अगदी ओठांवर आलं,
पण आत्ता तिला त्याचा रागच आला असता.

म्हणून नुसतीच शेजारी बसले.
नळ गळत होता. तिनं तो बंद केला,
थोड्या वेळानं पुन्हा उघडला.