हात वर, खाली उतर

मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा.
कानाला हेडफोन, तोंडात पेपरमिंट,
आणि पलीकडे एक बाई,
गाडीचं इंजिन चालू ठेवून कुजबुजणारी:
"माणूस आहे. शिडीवर. त्याच्याकडे पिस्तूल आहे."

कुठे?
"चर्चच्या पाटीपाशी, औषधांच्या दुकानासमोर."
मी टाइप केलं: पुरुष, शिडी, शस्त्र.
आमच्या फॉर्मवर शस्त्रासाठी चौकोन आहे,
वर सरकलेल्या शर्टासाठी नाही.

विचारायला हवं होतं:
हातात आहे, बाई, की कमरेला?
बावीस वर्षं हेच तर विचारत आले.
पण दुसरी लाइन वाजत होती,
कुणाच्या तरी आईला धाप लागली होती,
आणि मी पुढे सरकले.
कुणी मुद्दाम ध चा मा केला नाही.
एक शब्द गळला, इतकंच.

नंतर कळलं ते असं, की
डीकन एझेल प्रूइट, वय एकसष्ट,
रविवारच्या पाटीवर अक्षरं चढवत होते.
प्लास्टिकची, काळी, वीतभर उंचीची.
वेलकम लिहीत होते. शेवटचं ई उरलं होतं,
ते, ज्याचा उच्चार कुणी करत नाही.
ते बसवायला हात ताणला,
शर्ट बरगड्यांपर्यंत गेला
आणि परवान्याचं, रीतसर, कातडी म्यानातलं ते,
गेल्या हिवाळ्यात चर्चची खिडकी फुटल्यापासून बाळगलेलं,
उन्हात आलं.
त्यांना पत्ताही नव्हता.

मी फक्त ऐकत होते.
रेडिओवर मॅकइव्हर, नोकरीला सात महिने, आवाज चिरकलेला:
"हात वर!"
हात वरच होते.
मग कॉब, दुसऱ्या गाडीतून उतरताना:
"खाली उतर! सावकाश!"
"हात हलवू नकोस!"
"उतर म्हणतोय ना!"

हात न लावता कधी शिडी उतरलायत?
मी खुर्चीत बसल्या बसल्या उतरून पाहिली.
पहिल्याच पायरीला माझी बोटं
टेबलाची कड शोधायला गेली.

मग नुसती खरखर.
आणि लांबून, कुणाच्या तरी माइकमध्ये शिरलेला
तिसरा आवाज, प्रार्थनेआधीचा वाटावा इतका सावकाश:
"साहेब, दोन्हींपैकी एक सांगा.
मी तेच करीन."

काहीतरी पडलं. हलकंसं. टक्.
माझा हात अ‍ॅम्ब्युलन्सच्या बटणावर गेला.

ते ई होतं.

कॉबने, म्हणतात, आपलं पिस्तूल म्यान केलं
आणि जाऊन शिडी धरली. दोन्ही हातांनी.
परवाना पाहिला, परत दिला,
"पुढच्या वेळी शर्ट खोचा, डीकन," म्हणाला.
मॅकइव्हर गाडीमागे वाकून
बराच वेळ बूट बांधत राहिला.
त्या बुटांना नाड्या नसतात.
मी नोंद केली: कारवाई नाही. दोन एकोणीस.

माझ्या नवऱ्याच्याही कमरेला असतं.
मागच्या उन्हाळ्यात किराणा दुकानात
वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढताना दिसलं,
तर दाराशी उभा असलेला पोलीस हसून म्हणाला,
"डॅरिल, तुझं सामान बाहेर आलंय."
आम्ही तिघंही हसलो होतो.
लोणचं घरी आणलं, संपवलं,
बरणीत आता मी बटणं ठेवते.

रविवारी मुद्दाम तिकडून गाडी नेली.
ई जागेवर बसवलं होतं,
खालचा दांडा तुटून त्याचं एफ झालेलं.
आत जाणारे वेलकमच वाचत होते.
प्रूइट दारात उभे राहून
एकेकाचा हात हातात घेत होते,
गुडघ्यापर्यंत लांब, काळा कोट घालून,
सगळी बटणं लावून,
जॉर्जियाच्या ऑगस्टमध्ये.