ढोम्याच्या डोक्यातले खडे

गुरुवार, पाचपर्यंत मुदत.
मेजर विषय : एकच निवडा.
समोर दोन गोल,
नाचणीच्या दाण्याएवढे.
संख्याशास्त्र. प्राणिशास्त्र.
जामसंड्याच्या सायबर कॅफेतला पंखा
एका बाजूला वळतो, तिथेच अडकतो,
पोरगा उठून त्याला चापट मारतो.

संख्याशास्त्र म्हणजे सुलक्षा तारी.
हिंजवडीत बसून ती
माणसं सरासरी किती जगतील याचा हिशोब करते
आणि विमा कंपनी तिला त्याचा पगार देते.
गणपतीत आली तेव्हा
तिच्या बापाच्या होडीला नवं इंजिन होतं.
बाबांनीच बसवलं ते.
बसवताना काही बोलले नाहीत,
फक्त पुढचे तीन दिवस
आमच्या जुन्या इंजिनाला कान लावून बसायचे,
डॉक्टर छाती तपासतो तसे.

प्राणिशास्त्र म्हणजे मेथर सर.
तासिका तत्त्वावर अकरा वर्षं,
मानधन दिवाळीच्या आधी म्हणता म्हणता
शिमग्याला.
भाड्याची खोली, एक कॉट,
कॉटखाली बरण्यांतून तरंगणारे समुद्री घोडे.

पण त्या दिवशी प्रॅक्टिकलला
त्यांनी ढोम्याचं डोकं उघडलं.
मला हसू आलं. ढोमे आम्ही जन्मभर साफ करतोय,
डोक्यात दोन पांढरे खडे असतात
हे आमच्या दारातल्या मांजरीलाही ठाऊक.
लहानपणी त्यांचेच सागरगोटे केले होते.
सरांनी एक खडा घासला, भिंगाखाली ठेवला.
म्हणाले, उर्वी, वाच.

कड्या होत्या. झाडाच्या बुंध्यात असतात तशा.
तिसरी कडी केसासारखी बारीक.
"त्या वर्षी उपाशी होता."
कुठलं वर्ष, सर?
त्यांनी बाहेरून आत मोजलं आणि सांगितलं.

ते वादळाचं वर्ष.
ट्रॉलर बंदरात बांधलेले,
बाबांचे पाने तेलात गुंडाळून ठेवलेले,
आम्ही दोन्ही वेळ पेजेवर.
मी भिंगातून डोळा काढला नाही,
डोळा भरला होता म्हणून.

मागाहून विचारलं, हे खडे असतात कशाला?
"तोल. यांच्यामुळे माशाला कळतं
वर कुठलं नि खाली कुठलं."
एक काढला तर?
"गोल गोल फिरत राहील."

आईला विचारलं तेव्हा ती आइसबॉक्स धूत होती.
"माका नको इचारू, बाय.
बांगड्यांचो वाटो कितीक लावचो ता माका कळता.
पण एक सांग,
त्या खड्यांचे पैशे कोण देतलो?"
टोमणा नव्हता तो.
तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.
मलाही.

पाचाला वीस कमी. मी एक गोल भरला,
कुठला ते आता सांगून उपयोग नाही,
कारण तेवढ्यात लाइट गेली.
अंधारात पंखा आपल्या मर्जीने थोडा वळला
आणि बाहेर कुणीतरी
महावितरणच्या सात पिढ्या काढल्या.
लाइट आली तेव्हा फॉर्म कोरा.
"परत भरतो. काय होतं तुमचं?"
पोरगा बोटं कीबोर्डवर ठेवून वाट बघत होता.
कंपासपेटीतले दोन्ही खडे
मी खिशात आणले होते,
एकमेकांवर वाजत होते ते.
"संख्याशास्त्र," मी म्हणाले.
आवाज सुलक्षाचा वाटला.

त्या रात्री बाबा बंदरावरून ढोमे घेऊन आले.
कुणी काही विचारलं नाही.
कळलं असावं,
कारण बाबांनी इंजिनाचा विषयच काढला नाही.
आईने विळीवर डोकं फोडलं,
आणि दरवेळी मांजरीकडे जायचं ते
आज बाजूला ठेवलं.
खडे धुतले. माझ्या हातावर ठेवले.
"ह्यो किती वर्साचो?"

भिंग कॉलेजात होतं.
"असं नाही सांगता येणार."
"अंदाज सांग मगे."
मी खडा बल्बसमोर धरला. काही दिसलं नाही.
"तीन," म्हटलं.
आई "हां" म्हणाली,
आणि माशाला मीठ लावायला घेतलं.