डावं पेडल

आधीची सायकल चोरीला गेली तेव्हा
मागे उरलं फक्त पुढचं चाक,
गेंट स्टेशनाबाहेरच्या दांडीला
इमानाने कुलूपबंद.
गोडेलीव्हने ते चाक घरी आणलं.
का, ते तिचं तिलाच ठाऊक.

तिच्या नावात गोड आहे, बोलण्यात बेताचंच.
ब्रसेल्सच्या भूमापन कचेरीत बावीस वर्षं
दुसऱ्यांच्या कुंपणांची भांडणं
सेंटिमीटरमध्ये मिटवणारी बाई.

मग घेतली घडीची सायकल,
कुणाची तरी वापरलेली, पिस्त्याच्या रंगाची.
अख्ख्या सायकलीला गाडीत तिकीट पडतं,
घडी घातली की ती निव्वळ सामान.
पण ही घडी कसली!
उचलली की मधेच उलगडायची,
झोपेत लाथा झाडणाऱ्या पोरासारखी.
हँडल एकीकडे, चाक दुसरीकडे,
आणि पेडल कुणाच्या तरी पोटरीत.
'माफ करा' हे शब्द त्या एका महिन्यात
तिने मागच्या सगळ्या जन्माइतके खर्च केले.

एका रविवारी फरशीवर वर्तमानपत्रं अंथरली,
टेप काढली.
हँडलची टोकं दोन्हीकडून दोन-दोन बोटं कापली.
सीटची दांडी पुरती खाली बसेना,
आतला गंज खरवडून काढला, मग बसली.
चाकांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून
नवरा सोडून गेला तेव्हा विसरलेला
कातडी पट्टा.
तिसऱ्या भोकात घट्ट बसतो.

राहिलं डावं पेडल.
अकरा सेंटिमीटर, हट्टाने बाहेर.

गल्लीच्या टोकाचा बोनिफास
चष्म्यावरून बघत म्हणाला,
"हे कळीचं बसव. कळ ओढली की हातात येतं.
खिशात टाकायचं आणि चालू लागायचं.
एका पेडलची सायकल
चोर पळवून पळवून किती लांब नेईल?"

तेव्हापासून तिच्या कोटाचा उजवा खिसा
जरा ओघळलेला असतो.
आणि गाडीत तिच्या गुडघ्यांपाशी
सायकल बसते पाय पोटाशी घेऊन,
कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

बुधवारी ती मधेच उतरते, आल्स्टला.
आईकडे.
छत्र्यांच्या स्टँडशेजारी सायकल मिटून ठेवते,
जिन्याने वर जाते.
आई, इर्मा, एक्याण्णव पूर्ण,
सूतगिरणीत तीस वर्षं बॉबिनी भरलेले हात.
नावं गेली, वार गेले, हात अजून आहेत.
त्या बुधवारी हातांना खिशातलं पेडल सापडलं.
अंगठ्याने ती ते फिरवत बसली,
कान लावून, आतल्या छऱ्यांचा आवाज ऐकत.

"हे काय?"
"पेडल."
"दुसरं कुठाय?"
"सायकलीला."
"मग हे इथे का?"
"कुणी नेऊ नये म्हणून."
आईने बराच वेळ विचार केला.
"म्हणजे हे नसलं तर जाता येत नाही?"
"नाही."
"शहाणी आहेस," आई म्हणाली.

सातला कोट चढवला तर खिसा हलका.
खुर्चीखाली पाहिलं, खणात पाहिलं,
रशिदाने चादरींची टोपली उपसली,
कुंडीसुद्धा उचलून पाहिली.
आई खिडकीबाहेर बघत, हात मांडीवर,
परक्या पाहुणीला विचारावं तसं विचारते:
"काही हरवलंय का तुमचं?"

गोडेलीव्हची नजर मोजणीची.
उशीचा डावा कोपरा
उजव्यापेक्षा दोन बोटं वर होता.

हात पुढे गेला होता तिचा.
तो तिने कोटाच्या बटनांकडे वळवला,
वरपासून एकेक काढत आली.
"सापडेल," म्हणाली. "घाई नाही."

सात अठ्ठेचाळीसची गाडी गेली.
आवाज खोलीपर्यंत येतो.
आईने उशीवर कोपर टेकवलं,
जरा जोर देऊनच.
खाली छत्र्यांशेजारी सायकल,
पट्टा तिसऱ्या भोकात.